‘मराठीत त्याला शब्दच नाही’

केंद्र सरकारनं ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि भाषेवरच्या भाषणांना ऊत आला. त्यात वाईट काही नाही. आनंद झाला की माणूस चार शब्द जास्त बोलणारच. पण या भाषणांत एक युक्तिवाद हटकून येतो आणि टाळ्या घेऊन जातो. आमच्याकडे काका वेगळा, मामा वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. इंग्रजाकडे मात्र एक अंकल आणि एक आंटी. म्हणजे नात्यांची श्रीमंती आमची, दारिद्र्य त्यांचं. याच्या उलट बाजूला दुसरी मंडळी उभी आहेत, बहुधा इंग्रजीतून शिकलेली. त्यांचं म्हणणं, ‘प्रायव्हसी’ला मराठीत शब्द नाही, कारण ती कल्पनाच आपल्याकडे नाही. ‘थँक यू’ला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही, कारण उपकार मानायची आपल्याला सवय नाही. ‘डिप्रेशन’ला शब्द नाही, कारण ते शहरी लोकांचं खूळ. हे दोन गट एकमेकांना पाण्यात पाहतात. पण त्यांचं गृहीतक एकच आहे. शब्द असेल तर गोष्ट आहे, शब्द नसेल तर गोष्ट नाही. हे गृहीतक चूक आहे असं माझं म्हणणं आहे. शिवाय ते निरुपद्रवीही नाही. शब्दांचा हिशेब मांडत बसलं की ज्याबद्दल भांडायला हवं ते बाजूला राहतं.

आधी अभिमानवाल्यांचा काका-मामा घेऊ, कारण कोल्हापुरात बसून तो युक्तिवाद करणं जरा धाडसाचंच आहे. टाळ्या घेणारा वक्ता मावशीच्या नवऱ्याला काय म्हणतो? काका. आत्याच्या नवऱ्याला? शहरात काका, आमच्याकडं खेड्यात मामा. सासऱ्याला सुना कित्येक पिढ्या मामा किंवा मामंजी म्हणत आल्या आणि सासूला आत्ती किंवा आत्याबाई. का, ते इथं कुणाला सांगायला नको. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत या मुलखात जुनी आहे. मामाचीच मुलगी केली की मुलाची आई ही तिची आत्या आणि तीच तिची सासू. कागल, निपाणी ओलांडून पुढं संकेश्वरकडं गेलं की हेच आणखी उघड दिसतं. कन्नडमध्ये ‘माव’ म्हणजे आईचा भाऊही आणि सासराही. ‘अत्ते’ म्हणजे बापाची बहीणही आणि सासूही. आता काका-मामाच्या न्यायानं कन्नडिगांना सासू आणि आत्या यांतला फरक कळत नाही असं म्हणायचं का? सासुरवास भोगलेल्या कुठल्याही बाईपुढं हे बोलून पाहावं. इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेचा अभ्यास करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला मुलूख मानलं, ते अशाच गोष्टींमुळं. नात्यांची नावं लग्नाच्या, वारशाच्या, देण्याघेण्याच्या रिवाजांवरून पडतात. त्यातून समाजाचे व्यवहार कळतात. माया कमी की जास्त, हे त्यातून कळत नाही.

आणि ज्या इंग्रजीला आपण दरिद्री म्हणतो तिचा इतिहास काय सांगतो? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मामाला ‘एआम’ आणि काकाला ‘फॅडेरा’ असे दोन स्वतंत्र शब्द होते. आत्या आणि मावशी यांनाही वेगळे होते. लॅटिनमध्ये मामा ‘आवुन्कुलुस’ आणि काका ‘पात्रुउस’. यातला मामाचा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला, काकाची जागाही त्यानंच बळकावली आणि त्याचा आजचा ‘अंकल’ झाला. म्हणजे ज्या एका शब्दावरून आपण त्यांना हसतो तो मुळात निव्वळ मामा आहे! शब्द गेल्यावर इंग्रजांना आईचा भाऊ ओळखू येईनासा झाला असं काही घडलं नाही. जमिनीचा आणि पदवीचा वारसा कुणाकडून कुणाकडं जातो हे तो समाज पुढंही डोळ्यांत तेल घालून पाहत राहिला. शब्द उरला नाही तिथं दोन शब्द जास्त वापरून काम भागलं.

उलट बाजूच्या मंडळींचा ‘थँक यू’ घ्या. हा आक्षेप त्यांचाही नाही, उसना आहे. एकोणिसाव्या शतकात इकडं आलेल्या कित्येक साहेबांनी हिंदी माणसाच्या भाषेत कृतज्ञतेला शब्द नाही, म्हणून त्याच्या मनातही ती नाही, असं ठोकून दिलं होतं. यावर संस्कृतातला पुरावा हजर करणं सोपं आहे. वाल्मीकी नारदाला विचारतो तो आदर्श माणूस ‘धर्मज्ञश्च कृतज्ञश्च’ असा हवा असतो. रामायणाच्या पहिल्याच सर्गातली ही ओळ. पण हा पुरावा काढला की आपण साहेबाच्याच खेळात उतरतो. समजा हा शब्द संस्कृतात नसता, तर? तर साहेब बरोबर ठरला असता? पुराच्या रात्री कुणाची म्हैस बाहेर काढून दिली तर तो माणूस ‘धन्यवाद’ म्हणत नाही. पुढच्या सुगीत बोलावल्याशिवाय विळा घेऊन दारात येतो. इथं आभार फेडले जातात. तोंडानं मानले की उलट परकेपणा वाटतो. दुकानात मात्र आता आपण सर्रास ‘थँक्यू’ म्हणतो, कारण दुकानदाराशी आपला व्यवहार तिथंच संपतो. दोन्ही चाली एकाच माणसाच्या अंगी असतात आणि कुठं कुठली वापरायची हे त्याला नेमकं कळतं.

शब्दावरून मन मोजायचा हा उद्योग आजचा नाही, आणि तो करणारी माणसं मूर्ख नव्हती. पुढं चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झालेला ग्लॅडस्टन हा ग्रीक भाषेचा गाढा अभ्यासक. १८५८ साली होमरच्या काव्याचा अभ्यास छापताना त्याला दिसलं की होमरचा समुद्र मद्याच्या रंगाचा आहे, मध हिरवट आहे आणि आकाश कुठंही निळं नाही. निरीक्षण चोख होतं. निष्कर्ष काय काढला? त्या काळच्या ग्रीकांच्या डोळ्यांत रंगांची जाण पुरती विकसितच झाली नव्हती! मग अशा ‘अर्धवट’ डोळ्यांचा शोध जगभरच्या लोकांत सुरू झाला. १८७८ साली बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात न्यूबियन माणसं प्रदर्शनाला आणली होती. होय, माणसं, प्राणिसंग्रहालयात. रुडॉल्फ फिर्शो या नामांकित डॉक्टरनं त्यांची परीक्षा घेतली. निळ्याला वेगळा शब्द त्यांच्याकडं नव्हता, पण रंगीत कागदांतून निळा निवडायला सांगितलं तेव्हा त्यांनी तो बिनचूक निवडला. डोळे शाबूत होते, नाव तेवढं नव्हतं. ज्यांच्या शब्दसंग्रहात माणसाला पिंजऱ्याच्या गर्दीत उभं करण्याबद्दल सभ्य शब्दांची रेलचेल होती, ते ज्यांना उभं केलं होतं त्यांच्या मनाची उणीव शोधत होते. शब्दांची श्रीमंती माणसाला काय शिकवते याचा हाही एक दाखला समजायला हरकत नाही.

बर्फाची गोष्ट तर आता शाळेतली पोरंही सांगतात. एस्किमोंकडं बर्फाला पन्नास शब्द, कुणी म्हणतं शंभर. मूळ गोष्ट एवढीच की फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञानं १९११ मध्ये चार धातूंचं उदाहरण दिलं होतं : जमिनीवर पडलेला बर्फ, पडत असलेला, वाऱ्यानं वाहणारा, साचून ढीग झालेला. पुढं हा आकडा तोंडातोंडी फुगत गेला. त्यात या भाषांत एका मुळाला प्रत्यय जोडत लांबलचक शब्द करता येतात, त्यामुळं शब्द मोजणंच निरर्थक. मराठीत ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द आहे. इंग्रजाला त्यासाठी चार-पाच लागतील. म्हणून घराबद्दल आपल्याला जास्त कळतं का? आमच्या गगनबावड्याकडच्या शेतकऱ्याला वळीव, झड, पिरपिर, संततधार, उघडीप, पुनर्वसूचा ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस ही नावं तोंडपाठ असतात. यात गूढ काही नाही. ज्याचं पोट ज्यावर, त्याची नावं त्याच्याकडं. रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराकडं रंगाची असतील.

इथवर सोपं होतं. आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य केलं पाहिजे, नाहीतर हा लेखही त्या भाषणांसारखाच व्हायचा. रशियनमध्ये फिकट निळ्याला आणि गडद निळ्याला दोन वेगळी, रोजची नावं आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या दोन नावांच्या सीमेवरच्या छटा ओळखताना रशियन बोलणाऱ्यांचा वेग थोडा जास्त दिसला. इंग्रजी बोलणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे शब्दाचा परिणाम होतो. ऑस्ट्रेलियातले गूगू यिमिथिर भाषेचे लोक डावं-उजवं म्हणत नाहीत, ‘तुझ्या उत्तरेच्या हाताशी’ अशा थाटात बोलतात आणि दिशांचं भान सतत राखतात. आमच्याकडंही ‘उगवतीच्या अंगाला’, ‘मावळतीच्या रानात’ म्हणणारा म्हातारा बोळात शिरल्यावरही दिशा चुकत नाही. आणि सगळ्यांत भक्कम दाखला ॲमेझॉनच्या जंगलातल्या पिराहा लोकांचा. नेमक्या संख्यांना त्यांच्या भाषेत शब्द नाहीत, आणि पीटर गॉर्डन यांनी २००४ मध्ये दाखवलं की तीनच्या पुढं नेमकी मोजदाद लक्षात ठेवून जुळवणं त्यांना जड जातं. यावर ‘छे, तसं काही नाही’ म्हणणं अप्रामाणिकपणा होईल.

पण यातून किती सिद्ध होतं? रशियन प्रयोगातला फरक सेकंदाच्या एका अंशाचा होता, आणि त्याच वेळी मनात आकडे घोकायला लावले की तोही नाहीसा होत होता. म्हणजे डोळा बदललेला नव्हता. पाहताना मन आतल्या आत नावाची मदत घेत होतं. पिराहांची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती मान्य आहे. संख्यावाचक शब्द हे हत्यार आहे. हत्याराशिवाय काही कामं होत नाहीत. पण हत्यार शिकता येतं, उसनं घेता येतं आणि टाकूनही देता येतं. आपल्याच शाळांतून औटकी गेली ती पाहा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे आमच्या आज्यापणज्यांनी ओट्यावर बसून घोकले. ‘औट’ म्हणजे साडेतीन, एक अखंड शब्द. दशमान पद्धत आली, पाढे गेले, आणि हा शब्द ‘औट घटकेचा राजा’ एवढ्या एका म्हणण्यात अडकून राहिला. तोही बहुतेकांना इंग्रजीतल्या ‘आउट’सारखाच वाटतो. म्हणून साडेतीन शक्तिपीठांतल्या एका पूर्ण पीठाच्या या गावात साडेतीन म्हणजे किती हे कुणाला कळेनासं झालं नाही. तोंडी हिशेबाचा वेग मात्र गेला, हे खरं. तो वेग कॅल्क्युलेटरनं भरून काढला की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद शाळेबद्दलचा असेल. मराठी मनाचा त्यात काही संबंध नाही.

‘मराठीत शब्द आहे’ किंवा ‘नाही’ असं म्हणताना आपण कुठल्या मराठीबद्दल बोलतो, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. शिरोळच्या ऊस उत्पादकाला लावण, खोडवा आणि निडवा यांतला फरक पैशात कळतो; आडसाली, सुरू, पूर्वहंगामी म्हणजे कधीची लागण हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पुण्याच्या पेठेतल्या जन्मजात मराठी माणसाला निडवा विचारा. त्याला नाही सांगता येणार. पहिलं पीक तुटल्यावर त्याच खोडातून आलेलं दुसरं पीक खोडवा, तेही तुटल्यावर आलेलं तिसरं निडवा. एवढं वाक्य ऐकलं की मात्र त्याला कळतं. शब्द नाही तर कल्पना नाही हा न्याय लावला तर शिरोळ आणि सदाशिव पेठ यांना एकमेकांशी बोलताच येऊ नये. एका भाषेच्या पोटातली ही अंतरं कधी कधी दोन देशांमधल्या अंतराएवढी असतात, आणि ती जातीची, धंद्याची, जमिनीची असतात. ‘मराठी संस्कृती’ असा एकच गठ्ठा धरून चालणाऱ्याला ती दिसत नाहीत.

इथं जुन्या शब्दांवर जीव असणारे म्हणतील, शब्द गेला की ज्ञान जातं. मोट गेली आणि तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, थारोळं, बैलांची धाव हे सगळं गेलं. मला हे ऐकताना वाईट वाटतं, आणि ते शब्द कुणीतरी नोंदवून ठेवावेत असंही वाटतं. पण मोट शब्द विसरल्यामुळं गेली नाही. विहिरीवर मोटर बसली म्हणून गेली. आज त्याच शेतात ‘थ्री फेज’, ‘स्टार्टर’, ‘ठिबक’, ‘रातची लाईट’ हे शब्द राज्य करतात. मोट हाकून खांदे मोडलेल्या माणसाला विचारा, त्याला शब्द हवेत की मोटर. आणि रात्री दोन वाजता पाणी पाजायला जाऊन साप चावलेल्याच्या घरी ‘लाईट’ हा शब्द मराठी आहे का, यावर चर्चा कोण करणार?

आता प्रायव्हसी. मराठीत शब्द नाही म्हणणाऱ्यांनी ‘चारचौघांत’ हा शब्द ऐकलाच नाही असं दिसतं. ‘चारचौघांत बोलायच्या गोष्टी नव्हेत’ या वाक्यात आतलं आणि बाहेरचं यांची सीमा घट्ट आखलेली आहे. जुन्या घरात सोप्यात बोलायचं वेगळं, माजघरात बोलायचं वेगळं, आणि परड्यात बायका जे बोलायच्या ते तर आणखी वेगळं. ‘खासगी’ हा शब्दही आहेच; संस्थानी कारभारात खासगी म्हणजे राजाचं स्वतःचं खातं. बरोबर इथंच खरा प्रश्न सुरू होतो. खासगी राजाला होतं, माजघर वाडेवाल्याला होतं. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घराला काय होतं? लग्न होऊन आलेल्या पोरीला कपाटाची किल्ली तरी होती का? हा भिंतींचा, जमिनीचा आणि अधिकाराचा प्रश्न आहे. ‘आपल्या संस्कृतीत ती कल्पनाच नाही’ म्हटलं की तो कुणाला विचारायचाच राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला, तेव्हा गरिबाला त्याचं काय, हा सरकारी बाजूचा सूर त्यांनी फेटाळला. गरिबाला त्याचं काय, आणि मराठी माणसाला त्याचं काय, या दोन प्रश्नांत मला फारसं अंतर दिसत नाही.

शब्दाआधी गोष्ट येऊ शकते याचा पुरावा शोधायला कोल्हापूरकराला परगावी जायला नको. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांच्या हुकुमानं करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. आज ज्याला आपण ‘आरक्षण’ म्हणतो तो शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. त्या वेळी कुणी शहाण्यानं उठून ‘आपल्या भाषेत याला शब्दच नाही, म्हणजे ही कल्पना परकी’ असं म्हटलं असतं तर? म्हटलं नसेलच असं नाही. विरोध कमी झाला नव्हता. पण जागा राखायला एक साधं वाक्य पुरलं, कारण त्यामागं गादीची सत्ता होती. ‘वेठ’ हा शब्द मात्र फार आधीपासून होता, चांगला मुरलेला होता, आणि ती वेठ करणाऱ्यांना त्या शब्दाचा काडीचा फायदा नव्हता.

म्हणून शब्द बिनकामाचे, असं मी म्हणत नाही. ते कुठं कामाचे, हे नीट पाहायला हवं. डॉक्टर गावातल्या माणसाला ‘तुम्हाला नैराश्य वाटतं का’ विचारतो. माणूस नाही म्हणतो आणि कागदावर नाही अशी नोंद होते. तोच माणूस बाहेर बाकावर बसून सांगतो, कशातच जीव लागत न्हाई, अन्न ग्वाड लागत न्हाई, रातभर डोळ्याला डोळा न्हाई. आजाराची सगळी लक्षणं त्यानं त्याच्या मराठीत सांगितली. विचारणाऱ्याच्या मराठीत ती नव्हती. ‘खेड्यात डिप्रेशन नसतं’ हा निष्कर्ष अशा कागदांवरून निघाला तर दोष खेड्याच्या शब्दसंग्रहाचा नाही. इथं एक चांगला, ओळखीचा शब्द जीव वाचवू शकतो, आणि तो परिभाषेच्या कोशापेक्षा त्या बाकावर लवकर सापडेल.

परिभाषा टिकायचीच असेल तर काय लागतं, हे पंचगंगेनं शिकवलं आहे. ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ हे सरकारी कचेरीत घडवलेले शब्द. असे शब्द शेकड्यांनी घडतात आणि फायलीत मरतात. हे दोन मात्र इथल्या पोराबाळांच्या तोंडी आहेत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पावसाळ्यात चहाच्या गाड्यावर हवामानाऐवजी हे आकडे बोलले जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर विचारायलाच नको. शब्द रुजले, कारण त्यांच्यामागोमाग पाणी उंबऱ्यापर्यंत येतं. ‘पुनर्वसन’ हा शब्दही नदीकाठच्या गावांना तितकाच पाठ आहे. तो मराठी आहे, शुद्ध आहे, दर निवडणुकीत ऐकू येतो. चिखली-आंबेवाडीकडच्या माणसाला त्याचा अर्थ विचारायला जाऊ नका. तो तुम्हालाच उलट विचारेल की सात-बारा कधी मिळणार.